जीवाश्मांच्या प्रजाती: नजरेने ठरवायच्या की मोजून?

शिंपला:
काश्मीरमधल्या कँब्रियन (सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत मिळालेल्या ट्रायलोबाइटांचं, म्हणजे खंडाखंडांचं कवच असलेल्या नामशेष समुद्री प्राण्यांचं, वर्णन जीवाश्म अभ्यासक काउपर रीड यांनी १९३४ साली छापलं. नमुने बारकाईने पाहून, एकमेकांशी ताडून त्यांनी बऱ्याच प्रजाती वेगळ्या काढल्या. एकाचं डोकं रुंद आणि आखूड, दुसऱ्याचं लांबुळकं आणि निमुळतं. कुणालाही हे दोन वेगळे प्राणी वाटावेत. पण ते खडक पुढे पर्वत घडताना चेपले आणि ताणले गेले होते, आणि त्यांच्यासोबत आतले जीवाश्मही. ताणाच्या दिशेला लांबी असलेला ट्रायलोबाइट लांबुळका झाला. त्या दिशेला काटकोनात पडलेला आखूड आणि रुंद झाला. तिरका पडलेला एका बाजूला कलला. १९९२ मध्ये नायजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी ही विकृती मोजून वेगळी काढण्याची संगणकीय पद्धत मांडली आणि याच काश्मिरी ट्रायलोबाइटांवर वापरून दाखवली. वेगळ्या प्रजाती मानलेल्या रूपांमधला बराच फरक प्राण्यांमधला नव्हताच, तो खडकाने दिलेला होता.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रीड यांची नजर कच्ची नव्हती. त्यांच्याकडे आकाराचा हिशोब मांडायला साधन नव्हतं.

आजही नव्या प्रजातीच्या वर्णनात ‘किंचित रुंद’, ‘मध्यम फुगीर’, ‘तुलनेने निमुळता’ असे शब्द सर्रास चालतात. किंचित म्हणजे किती, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबरच जातं. पुढच्या अभ्यासकाला संग्रहालयातला तोच कप्पा उघडून नजर पहिल्यापासून तयार करावी लागते. त्याची नजर वेगळी निघाली की प्रजातींची संख्या बदलते, आणि मग त्या संख्येवर उभं असलेलं सगळंच हलतं: एखाद्या विनाशात किती प्रजाती गेल्या, एक प्रजाती सरासरी किती काळ टिकली, कुठल्या थराचं वय कशावरून काढायचं.

माझं म्हणणं असं आहे की नवीन प्रजातीला नाव देताना आकाराची मोजमापं, ज्या फोटोंवरून ती घेतली ते फोटो आणि सगळे कच्चे आकडे सोबत देणं बंधनकारक असावं. रेषा कुठे ओढायची ते शेवटी माणूसच ठरवणार. पण ती कशाच्या आधारे ओढली हे दुसऱ्या कुणालाही तपासता आलं पाहिजे. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असली तर जास्तच.

निळावंती:
छान विषय. मी या क्षेत्रातली नाही, म्हणून एक मूलभूत शंका. लांबी-रुंदी मोजणं समजतं. पण ‘आकार’ कसा मोजतात? गोलसर, निमुळतं, वाकडं यांचे आकडे कसे करायचे?

शिंपला:
@निळावंती, पहिलं काम म्हणजे आकार आणि आकारमान यांची फारकत करायची. जुन्या पद्धतीत लांबी, रुंदी, उंची मोजून त्यांची गुणोत्तरं काढत. त्यात अडचण अशी की लांबी भागिले रुंदी सारखी असलेले दोन शिंपले प्रत्यक्षात अगदी वेगळे दिसू शकतात. रुंदी पुढच्या टोकाजवळ सर्वांत जास्त आहे की मागच्या, हे गुणोत्तर सांगत नाही.

आताच्या पद्धतीत फोटोवर किंवा त्रिमितीय स्कॅनवर ठरावीक जागा निवडतात. अट एवढीच की प्रत्येक नमुन्यात ‘ही तीच जागा’ असं खात्रीने दाखवता आलं पाहिजे. ट्रायलोबाइटच्या डोक्यावर डोळ्याच्या उंचवट्याची दोन टोकं, चेहऱ्यावरची शिवण कडेला मिळते तो बिंदू, मधल्या फुगवट्याचं पुढचं टोक, अशा. यांना लँडमार्क म्हणतात. मग सगळ्या नमुन्यांचे बिंदूसमूह एकाच केंद्रावर आणायचे, एकाच मापाचे करायचे आणि फिरवून एकमेकांवर जितके नीट बसतील तितके बसवायचे. ही प्रोक्रस्टीस जुळणी. जागा, माप आणि दिशा काढून टाकल्यावर जे उरतं तो आकार. माप फेकून देत नाहीत. केंद्रापासून प्रत्येक लँडमार्कच्या अंतराचा वर्ग, त्यांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ काढून ते वेगळ्या रकान्यात ठेवतात. त्याची गरज पुढे फार लागते.

कल्पना जुनी आहे. डार्सी थॉम्प्सन यांनी १९१७ मध्येच एका माशावर चौकटींची जाळी काढून, ती जाळी ताणून-वाकवून दुसरा मासा मिळतो हे दाखवलं होतं. त्यामागचं गणित मात्र १९८० नंतर उभं राहिलं. डेव्हिड केंडॉल यांनी १९८४ मध्ये आकारांच्या अवकाशाचा सिद्धांत मांडला, आणि फ्रेड बुकस्टाइन यांनी १९८९ मध्ये ती वाकणारी जाळी नेमक्या समीकरणात बसवली. जेम्स रोल्फ यांच्या टीपीएस आज्ञावल्यांमुळे हे सगळं साध्या संगणकावर आलं.

शिंपल्यांसारख्या गुळगुळीत गोष्टींवर लँडमार्क सापडत नाहीत. तिथे बाह्यरेषा घेतात आणि तिचं फूरिये विश्लेषण करतात, म्हणजे कडेचा वाकडेपणा लहानमोठ्या लंबवर्तुळांच्या बेरजेत मांडतात. पहिली काही लंबवर्तुळं ढोबळ आकार सांगतात, पुढची बारीक कंगोरे.

निळावंती:
समजलं. म्हणजे प्रत्येक नमुना हा आकड्यांचा एक संच होतो, आणि मग जवळचे-लांबचे संच पाहता येतात. मग काश्मीरच्या ट्रायलोबाइटांमध्ये ताण वेगळा कसा ओळखला?

शिंपला:
ट्रायलोबाइट डावी-उजवीकडे सारखा असतो, हा मोठा आधार. जिवंतपणी तो सममित होता, त्यामुळे आता जो कललेपणा दिसतो तो नंतरचा. शिवाय सगळीकडे सारख्याच ताणाने चौकोनाचा समांतरभुज होतो, पण सरळ रेषा सरळच राहते. म्हणजे आकारातल्या फरकाचे दोन भाग पाडता येतात: पूर्ण जाळी एकसारखी तिरकी होणं, आणि जाळी जागोजागी वेगळी वाकणं. ताण पहिल्या भागात शिरतो. खऱ्या प्रजातींमधला फरक शोधायचा तर दुसऱ्या भागात शोधावा लागतो. मात्र थर वरून दाबला जाऊन जीवाश्म चपटा झाला असेल, कवच तडकलं असेल, तर हे इतकं सरळ राहत नाही. तिथे त्रिमिती गेलेली असते आणि तडे प्रत्येक नमुन्यात वेगळे असतात.

कातळ:
धागा चांगला आहे, परंतु माझा मूळ आक्षेप नोंदवतो. लँडमार्क कोणते घ्यायचे हे कोण ठरवते? अभ्यासकच. ज्याला दोन प्रजाती वेगळ्या वाटतात तो त्या वेगळ्या दिसतील अशाच जागी बिंदू ठेवेल, कळत किंवा नकळत. नजरेचा पक्षपात आधी शब्दांत होता, तो आता आकड्यांत शिरला, इतकाच बदल. आणि आकड्यांमुळे तो अधिक भारदस्त दिसतो, हा धोका वेगळाच.

टायरॅनोसॉरसचे प्रकरण सर्वांना ठाऊक असेल. २०२२ च्या सुरुवातीस ग्रेगरी पॉल आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या हाडाचा जाडपणा आणि खालच्या जबड्यातील पुढच्या लहान दातांची संख्या यांच्या आधारे टी. रेक्सच्या तीन प्रजाती कराव्यात असे सुचवले. मोजमापे होती, आलेख होते. त्याच वर्षी थॉमस कार आणि इतरांनी उत्तर दिले. हाडांच्या प्रमाणातील तो फरक आजच्या पक्ष्यांच्या एकेका प्रजातीत आढळणाऱ्या फरकापेक्षा जास्त नाही, आणि दातांवरून नमुने नीट वेगळे होत नाहीत, असे त्यांनी दाखवले. दोन्ही बाजूंनी मोजलेच होते. मग वस्तुनिष्ठता कुठे राहिली?

माझ्या मते हजारो नमुने हाताळलेल्या माणसाची नजर जे एका क्षणात टिपते, ते वीस बिंदूंमध्ये मावत नाही. कवचाचा पोत, कडेची धार, शिवणीचा बारीक नागमोडीपणा, हे सारे तुमच्या जुळणीत गळून जाते.

शिंपला:
@कातळ, टी. रेक्सचं उदाहरण तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण मला ते माझ्या बाजूचं वाटतं. प्रस्ताव आकड्यांत होता म्हणूनच काही महिन्यांत त्याचा प्रतिवाद आकड्यांत करता आला. ‘हे नमुने मला अधिक दणकट वाटतात’ एवढंच लिहिलं असतं तर वाद अधिकाराच्या पातळीवर राहिला असता: कुणाचा अनुभव मोठा, कुणी जास्त संग्रहालयं पाहिली. इथे वाद एका नेमक्या प्रश्नावर आला, एका प्रजातीत इतका फरक असतो का? आणि त्याचं उत्तर पक्ष्यांमध्ये शोधता येतं.

पोताबद्दल तुमचं म्हणणं मान्य. लँडमार्कांनी सगळं पकडलं जात नाही.

वक्ररेषा:
मी संख्याशास्त्राच्या बाजूने येतो, जीवाश्मांचं ज्ञान बेताचंच. पण या क्षेत्रातले शोधनिबंध तपासताना जी गोष्ट वारंवार खटकते ती सविस्तर लिहितो, कारण कातळ यांची भीती इथे सर्वांत जास्त खरी ठरते.

समजा एका डोक्यावर २० लँडमार्क घेतले. प्रत्येकाचे दोन आकडे, म्हणजे ४०. जुळणी करताना जागेसाठी दोन, मापासाठी एक आणि फिरवण्यासाठी एक असे चार जातात; उरल्या ३६ मिती. बाह्यरेषेवर मधले बिंदू घेतले की हाच आकडा शंभर-दोनशेवर जातो. आणि नमुने किती? बऱ्याचदा दहा-पंधरा. नमुन्यांपेक्षा मिती जास्त असल्या की माहितीत कुठलाही गट सापडवता येतो.

आता गट आधीच सांगून, ते एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर दिसतील अशी दिशा शोधणाऱ्या पद्धती आहेत. विभेदन विश्लेषण त्यातलंच. तिला तुम्ही ‘हे अ, हे ब’ असं सांगता, ती अ आणि ब वेगळे करून दाखवते. त्यातून अ आणि ब खरोखर वेगळे आहेत हे सिद्ध होत नाही. तुम्ही सांगितलेलंच ती परत सांगते. २०१९ मध्ये कार्दिनी, ओ’हिगिन्स आणि रोल्फ यांनी याच जातीची दुसरी एक लोकप्रिय पद्धत, गटांच्या सरासऱ्यांवरचं मुख्य घटक विश्लेषण (सर्वांत जास्त फरक दाखवणाऱ्या दिशा शोधणारं), तपासली. एकाच समूहातून यादृच्छिक आकडे घेऊन त्यांना मनाला येतील ती गटनावं दिली, तरी मिती जास्त आणि नमुने कमी असले की आलेखावर स्वच्छ, वेगवेगळे पुंजके दिसतात, असं त्यांनी दाखवलं. जे नाही ते दिसतं. अशा आलेखावर प्रजाती बेतली तर ती कागदावरच राहील.

म्हणून प्रश्न उलटा विचारावा. नमुन्यांना कुठलंही नाव न देता, या माहितीत एक पुंजका मानणं जास्त योग्य की दोन की तीन, हे मिश्र वितरणांच्या प्रतिमानांनी, म्हणजे सगळे आकडे एक किंवा अनेक वितरणांची बेरीज मानून, तपासता येतं. त्यातही एक मर्यादा गणितातूनच येते आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. समान संख्येचे आणि समान प्रमाण विचलनाचे (सरासरीभोवतीच्या पसरटपणाचं माप) दोन सामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे, वितरण एकत्र केले आणि त्यांच्या सरासऱ्यांमधलं अंतर दोन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त नसेल, तर मिळून एकच उंचवटा दिसतो. आलेखात एकच टेकडी दिसली म्हणून एकच प्रजाती, असं म्हणता येत नाही. थोडे नमुने असले तर नाहीच नाही.

त्यामुळे माझं मत: ‘वेगळं सिद्ध झालं नाही’ आणि ‘एकच आहे हे सिद्ध झालं’ ही दोन विधानं शोधनिबंधात स्वतंत्र ठेवावीत. सध्या ती सर्रास मिसळली जातात.

अनिकेत_भू:
वक्ररेषा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. दोन सरासऱ्यांमधल्या अंतराची गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवायला हवी.

मी अमोनाइटांबद्दल (गुंडाळलेल्या कवचाचे नामशेष समुद्री प्राणी) लिहितो, कारण तिथे मोजमापाने पुंजके अगदी स्पष्ट मिळतात आणि तरीही निष्कर्ष चुकतो. जुरासिक अमोनाइटांत एकाच थरात मोठी कवचं आणि छोटी कवचं मिळतात. छोट्यांच्या तोंडाशी कानासारखे पाळे असतात, शेवटच्या वेढ्याचं वळण वेगळं असतं, मोठ्यांचं तोंड साधं. मोजा, आलेख काढा, दोन ढीग मधे रिकामी जागा ठेवून उभे राहतात. बराच काळ त्यांना वेगळ्या प्रजातीच काय, वेगळे जीनस (प्रजातींच्या वरचा गट) मानत. १९६० च्या सुरुवातीला पोलंडमध्ये माकोव्स्की आणि इंग्लंडमध्ये कॅलोमन यांनी आतले वेढे तपासले. एका ठरावीक वाढीपर्यंत दोन्हींचे वेढे सारखे. ते एकाच प्रजातीचे मादी आणि नर होते, असं आज बहुतेक जोड्यांबद्दल मानलं जातं.

पुंजके खरे होते. ते कशाचे, हे आकड्यांनी सांगितलं नाही.

निळावंती:
@अनिकेत_भू, हे फारच रोचक आहे. मग वयाचं काय? पिल्लू आणि प्रौढ यांचा आकारही वेगळा असतो.

अनिकेत_भू:
हो, आणि तिथेच शिंपला यांनी वेगळ्या रकान्यात ठेवलेलं माप कामी येतं. वाढताना आकार कसा बदलतो याची रेषा काढायची: एका अक्षावर माप, दुसऱ्यावर आकार. दोन नमुने त्याच रेषेवर पुढे-मागे असतील तर ते एकाच प्राण्याच्या वाढीचे टप्पे असू शकतात. दोन समांतर किंवा फाकणाऱ्या रेषा मिळाल्या तर वेगळ्या प्रजातींचा विचार करायचा.

२०१० मध्ये स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी असं मांडलं की टोरोसॉरस हा शिंगांचा डायनोसॉर म्हणजे म्हातारा ट्रायसेरेटॉप्सच; वय झालं की मानेवरची झालर लांबते आणि तिला भोकं पडतात. २०१२ मध्ये लाँगरिच आणि फील्ड यांनी कवटीच्या परिपक्वतेच्या खुणा पाहिल्या आणि विरोध केला: टोरोसॉरसमध्येही तरुण प्राणी आहेत आणि ट्रायसेरेटॉप्समध्येही पूर्ण वाढलेले. २०१३ मध्ये मायोरिनो आणि सहकाऱ्यांनी लँडमार्क घेऊन दोघांच्या आकारांचं स्थान तपासलं, आणि त्यांचाही कल दोघं वेगळे असण्याकडेच होता. हाडाच्या पातळ चकतीतली वाढीची वलयं, कवटीच्या सांध्यांचं मिळून जाणं आणि आकार, अशा स्वतंत्र वाटांनी एकाच प्रश्नाकडे जाता येतं हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. एकट्या आकारावर मी कधीच थांबणार नाही.

कातळ:
कोनोडोंटांचा उल्लेखही येथे हवा. ख्रिस्तियन पॅंडर यांनी १८५६ मध्ये हे दातांसारखे सूक्ष्म अवशेष प्रथम वर्णिले. प्रत्येक आकारास स्वतंत्र नाव मिळत गेले. पुढे खडकाच्या एकाच पापुद्र्यावर निरनिराळ्या आकारांचे संच एकत्र आढळू लागले आणि ते एकाच प्राण्याचे अवयव आहेत हे मान्य करावे लागले. प्राण्याच्या मऊ शरीराचा ठसा तर १९८३ मध्ये, एडिंबराजवळच्या खडकातून प्रसिद्ध झाला. या अवशेषांवर कितीही लँडमार्क घेतले असते तरी काट्यासारखा तुकडा आणि फळीसारखा तुकडा एकाच तोंडातील आहेत हे कळले नसते. ते एकत्र सापडावे लागले.

सूक्ष्मदर्शी:
मी फोरॅमिनिफेरांवर, म्हणजे कवच असलेल्या एकपेशी समुद्री जीवांवर, काम करते. आमच्याकडे नमुन्यांची चणचण नाही, समुद्रतळाच्या चिमूटभर गाळात शेकड्याने कवचं मिळतात. म्हणून ‘नजर की मोजमाप’ हा प्रश्न आम्हाला तपासून पाहता येतो.

२०१९ मध्ये आजच्या तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या ३४,००० पेक्षा जास्त प्रतिमांचा एक खुला संग्रह प्रसिद्ध झाला. ३५ प्रजाती, आणि प्रत्येक प्रतिमेला एकापेक्षा जास्त तज्ज्ञांनी नाव दिलेलं. बहुतेक तज्ज्ञांचं एकमत झालं तीच प्रतिमा संग्रहात घेतली. त्यावर शिकवलेल्या संगणकाची अचूकता सुमारे ८७ टक्के आली. हे चांगलं आहे, पण नीट समजून घ्यायला हवं: यंत्र तज्ज्ञांच्या एकमताशी किती जुळतं, हे त्यातून कळतं. तज्ज्ञ सगळे मिळून एकाच बाजूला झुकले असतील तर यंत्रही तसंच झुकणार.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे लपलेल्या प्रजाती. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा ही फोरॅमिनिफेरा म्हणजे जवळजवळ परिपूर्ण गोल. जनुकं तपासली तेव्हा त्या एका नावाखाली तीन वेगळे जनुकीय प्रकार निघाले. गोलाचा आकार मोजून काय मिळणार? पुढे कवचाच्या भिंतीतल्या छिद्रांचं प्रमाण आणि त्यांची मापं घेतली, तेव्हा या प्रकारांमध्ये काही फरक हाती लागला. म्हणजे मोजण्याजोगा फरक होता, पण कुठे बघायचं ते जनुकांनी सांगितलं. लाखो वर्षांपूर्वीच्या कवचांत ती जनुकं नाहीत.

याच्या उलट जाणारं काम मला सर्वांत जास्त धीर देतं. जेरेमी जॅक्सन आणि अ‍ॅलन चीथम यांनी १९९० मध्ये ब्रायोझोआंवर, म्हणजे वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म समुद्री प्राण्यांवर, केलेलं. त्यांनी तीन जीनसमधल्या प्रजाती आधी केवळ सांगाड्याच्या मोजमापांवरून ठरवल्या. मग त्यांची पिल्लं एकाच वातावरणात वाढवली: आकारातला फरक परिस्थितीमुळे असेल तर तो पुसला जायला हवा. तो पुसला गेला नाही, जवळजवळ सगळी पिल्लं आपल्या आईच्या गटातच बसली. प्रथिनांमधल्या जनुकीय फरकांनीही तेच गट दाखवले. काटेकोरपणे मोजलेल्या सांगाड्यांवरून ठरवलेल्या प्रजाती जैविक प्रजातींशी जुळू शकतात, याचा इतका थेट पुरावा फार थोड्या गटांत आहे. प्रत्येक मोठ्या गटासाठी असं काम व्हावं असं मला मनापासून वाटतं.

निळावंती:
हे सगळं वाचून एकच प्रश्न उरतो. रेषा कुठे? किती फरक म्हणजे वेगळी प्रजाती?

अनिकेत_भू:
@निळावंती, सर्व प्राण्यांना लागू होईल असा आकडा नाही. पण अंदाजाला आधार आहे. सस्तन प्राण्यांच्या हाडांची आणि दातांची एका प्रजातीतली मोजमापं घेतली, तर प्रमाण विचलन हे सरासरीच्या साधारण ४ ते १० टक्के असतं, हे जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी दाखवून दिलं होतं. दाढांमध्ये पहिली दाढ त्यातल्या त्यात स्थिर. फिलिप गिंगरिच यांनी १९७४ मध्ये आजच्या सस्तन प्राण्यांचे दात मोजून हाच आधार जीवाश्मांसाठी वापरला. एका थरातल्या पहिल्या दाढांचं विचलन १५ टक्के आलं तर तिथे दोन प्रजाती मिसळल्या असण्याची शंका घ्यायला जागा आहे. सुळ्यांना हाच नियम लावला तर फसगत होईल, कारण नर-मादीतला फरक तिथेच सर्वांत मोठा.

शिवालिक टेकड्यांमधल्या रामापिथेकस या नामशेष वानराचं प्रकरण याच गोंधळातून आलं. जी. एडवर्ड लुइस यांनी १९३४ मध्ये वरच्या जबड्याच्या एका तुकड्याला हे नाव दिलं. जबड्याची मध्यरेषा तुकड्यात नव्हती, त्यामुळे दातांची कमान कशी होती ते अंदाजाने जुळवलं गेलं, आणि ती माणसासारखी गोलाकार मानली गेली. त्यावरून काही दशकं त्याला माणसाच्या वंशरेषेवर बसवलं होतं. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर मिळालेल्या शिवापिथेकस या दुसऱ्या नामशेष वानराच्या चेहऱ्याचं वर्णन डेव्हिड पिल्बीम यांनी १९८२ मध्ये केलं. तो ओरँगउटानशी जुळणारा निघाला. रामापिथेकस आज शिवापिथेकसमध्येच धरतात, बहुधा लहान चणीच्या माद्या. जो भाग दगडात नव्हता त्याच्याच आकारावर इतका मोठा निष्कर्ष उभा होता.

वक्ररेषा:
द्मानिसीच्या कवट्यांमध्येही हाच जिवंत मापदंड वापरला ना? जॉर्जियामध्ये एकाच ठिकाणी सापडलेल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या. पाचवीचा मेंदू जेमतेम ५४६ घनसेंटिमीटर आणि चेहरा प्रचंड. २०१३ च्या शोधनिबंधात या पाचांतला आकाराचा फरक आजच्या माणसांतल्या आणि चिंपांझींतल्या फरकाशी ताडला आणि तो त्याच पल्ल्यात आहे असं मांडलं. त्यातून पुढे जाऊन आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या होमोची (माणूस ज्या जीनसमध्ये येतो त्याची) वेगवेगळी नावंही एकाच वंशरेषेची असतील असं सुचवलं, त्यावर मात्र कडाडून वाद झाला. तो वाद मला योग्य वाटतो. कवटीचा एकूण आकार सारख्याच पल्ल्यात असणं आणि विशिष्ट बारीक लक्षणं सारखी असणं यांत फरक आहे.

कातळ:
येथे मी एक पाऊल पुढे येतो. जिवंत प्रजातींतील फरकाशी तुलना हा मार्ग मला पटतो, कारण त्यात मर्यादा अभ्यासकाच्या मनातून येत नाही. तरी एक सावधगिरी हवी. आजचा समूह म्हणजे एका काळातील प्राणी. एका थरात हजारो वर्षांचे प्राणी एकत्र झालेले असू शकतात, त्यामुळे तेथील फरक मुळातच थोडा फुगलेला असतो. आजच्या मोजमापाची पट्टी जशीच्या तशी लावली तर उगाच प्रजाती फोडल्या जातील.

दुसरा मुद्दा टाइप नमुन्याचा. नियमाप्रमाणे नाव एका नमुन्याला बांधलेले असते. तो जर मोडका असेल, अर्धे लँडमार्क त्यावर नसतील, तर उरलेल्या दोनशे सुंदर नमुन्यांचे पुंजके काढूनही नाव कोणत्या पुंजक्याला द्यायचे हे ठरत नाही. जुन्या संग्रहांत ही अडचण पदोपदी येते. अशा वेळी त्याच जागेचे, त्याच थराचे नवे नमुने गोळा करून मोजणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि तेथे खडकात उतरलेल्या माणसाची नजर लागतेच.

शिंपला:
@कातळ, दोन्ही मुद्दे पूर्ण मान्य. टाइप नमुन्यासाठी मी एवढंच सुचवेन की त्यावर जे लँडमार्क शिल्लक आहेत तेवढेच घेऊन बाकी सर्व नमुन्यांचं विश्लेषण पुन्हा करावं. पुंजके तरीही टिकले तर टाइप कुठल्या पुंजक्यात पडतो ते सांगता येतं. टिकले नाहीत तर ते नाव त्या एका नमुन्यापुरतंच ठेवलेलं बरं.

निळावंती:
माझ्यासारख्या कुणाला हे शिकून पाहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? जीवाश्म हाताशी नाहीत.

वक्ररेषा:
जीवाश्म नसले तरी चालेल. मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर संग्रहालयांनी ठेवलेले त्रिमितीय स्कॅन आहेत. टीपीएसडिग किंवा इमेजजेमध्ये बिंदू टाका, पुढचं विश्लेषण मॉर्फोजेमध्ये किंवा आर भाषेतल्या जिओमॉर्फमध्ये करा. सगळी साधनं मोफत आहेत.

पहिला प्रयोग प्रजातींचा करूच नका. थोडेच नमुने घ्या, त्यांची नावं झाका, क्रम बदलून बिंदू टाका. काही दिवस जाऊ द्या आणि तेच फोटो पुन्हा नव्या क्रमाने घ्या. एकाच नमुन्याच्या दोन वेळच्या बिंदूंमधला फरक ही तुमच्या हाताची चूक. फोटो पुन्हा काढून तीच गोष्ट करा, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन बदलल्याने किती फरक पडतो ते कळेल. दोन नमुन्यांमधला फरक या चुकांपेक्षा बराच मोठा असेल तरच पुढे जायचं.

शिंपला:
याला जोडून: शक्य असेल तर तेच फोटो दुसऱ्या व्यक्तीलाही द्या, आणि लँडमार्कांची व्याख्या फक्त लेखी द्या, तोंडी काही समजावू नका. दोघांचे बिंदू जिथे जुळत नाहीत ती व्याख्या पुन्हा लिहायची. गोलसर कडेवरचे ‘सर्वांत बाहेरचा बिंदू’ असे लँडमार्क हमखास इथे गळतात, आणि शिवणी एकमेकींना मिळतात तिथले टिकतात.

@सूक्ष्मदर्शी, तुमच्या छिद्रांच्या मोजमापाबद्दल स्वतंत्र धागा काढाल का? कवचाची भिंत नंतर विरघळली किंवा त्यावर स्फटिक चढले तर छिद्रं बदलतात, ते तुम्ही कसं वगळता हे जाणून घ्यायचं आहे.

सूक्ष्मदर्शी:
जरूर. थोडक्यात इतकंच सांगते की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीचा तुटलेला काठ आधी पाहतो. आतला थर स्वच्छ दिसला तरच ते कवच मोजायला घेतो. फोटोंसकट सविस्तर लिहिते.